मॅग्नेशियम आर्सेनेट : नवीन खनिज की प्रोबची चकवाचकवी?

(बोलणारे टोपणनावांनी : पातळछेद, कॅमेका, त्रिनताक्ष.)

पातळछेद : नमुना उत्तर चिलीतल्या तोरेसीयास खाणीचा. फिकट गुलाबी, चपटे स्फटिक, मोठ्यात मोठा ०.१ मिमी. मॅग्नेशियम, आर्सेनिक आणि किंचित कोबाल्ट. प्रोबवर (इलेक्ट्रॉन-किरण टाकून घटक मोजणारं यंत्र) मॅग्नेशियम-आर्सेनिक अणूंचं गुणोत्तर १:१, आर्सेनिक पंचसंयुजी धरून ऑक्साइडांची बेरीज वजनाने ९४.५ टक्के. उरलेलं पाणी मानलं तर सूत्र जवळपास निर्जल हायड्रोजन आर्सेनेटचं निघतं (ते पाणी म्हणजे सूत्रातला हायड्रोजनच), आणि मॅग्नेशियमचं असं खनिज यादीत सापडत नाही. आयएमएकडे (नव्या खनिजांना मंजुरी देणारी आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघटना) प्रस्तावाची तयारी सुरू करावी का? पुरावा म्हणून रामन (लेझरने घेतलेला कंपनांचा वर्णपट) पुरेल?

कॅमेका : थांबा. पाणी १०० मधून वजा करून काढलंय ना? सजल आर्सेनेटात तिथेच घोटाळा होतो. निर्वातात आणि किरणाखाली पाणी उडतं, उरलेले ऑक्साइड घनीभूत होऊन बेरीज फुगते. मॅग्नेसियोकोरिट्निगाइटमध्ये (एक रेणू पाणी) ऑक्साइडांची बेरीज ८५.२ यायला हवी, ब्रासाइटमध्ये (चार रेणू) ६५.७, रॉस्लेराइटमध्ये (सात रेणू) ५३.५. तिन्हींत मॅग्नेशियम-आर्सेनिक १:१ च! तुमचं ९४.५ यांपैकी कुणाचंही असू शकतं. पहिलं तर तोरेसीयासचंच खनिज आहे, त्यामुळे आधी संशय त्याच्यावर.

पुन्हा मोजताना १५ केव्ही, ५ नॅनोअँपिअर, किरण १० मायक्रॉनपर्यंत पसरवा आणि दर बिंदूला नवी जागा घ्या. त्याच जागी दुसऱ्यांदा मोजून बेरीज वाढली, तर पाणी जातंय हे लगेच कळतं. पॉलिश पाण्याने करू नका, निर्जल अल्कोहोल वापरा. १:१ हे गुणोत्तर ईडीएसचं (क्ष-किरण ऊर्जेवरून ओळखणाऱ्या शोधकाचं) असेल तर त्यावरही विसंबू नका : मॅग्नेशियमची के-अल्फा ही क्ष-किरण रेषा १.२५४ केईव्ही, आर्सेनिकची एल-अल्फा १.२८२. ईडीएसची विभेदनक्षमता साधारण १३० ईव्ही, म्हणजे दोन्ही शिखरं एकमेकांत मिसळलेली आणि आकडा सॉफ्टवेअरने वेगळा केलेला. डब्ल्यूडीएसवर (क्ष-किरण तरंगलांबीने वेगळे करणारा शोधक) टीएपी नावाच्या विवर्तक स्फटिकाने ती सुटतात. (शिसं असलेल्या आर्सेनेटात उलटी गंमत : आर्सेनिकची के-अल्फा आणि शिशाची एल-अल्फा जवळजवळ एकाच जागी, म्हणून तिथे आर्सेनिकसाठी एल-अल्फाच घ्यावी.)

त्रिनताक्ष : एकस्फटिक एक्स-रेला पर्याय नाही. ०.१ मिमीचा स्फटिक भरपूर झाला. आधी फक्त एकक कोशिका (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान ठोकळ्याची मापं) काढा, अर्ध्या तासाचं काम. ती कोरिट्निगाइट गटाशी (मॅग्नेसियोकोरिट्निगाइट याच गटातलं) जुळली की नव्या खनिजाचा विषय तिथेच संपला.

जुळली नाही तर संपूर्ण संरचना सोडवा, आणि पाणी तिच्यातून मोजा, प्रोबमधून नाही. हायड्रोजन इलेक्ट्रॉन-घनतेच्या नकाशात स्पष्ट दिसला नाही तरी बंधलांबी सांगते : चौफलकातले (आर्सेनिकभोवती चार ऑक्सिजन) साधे आर्सेनिक-ऑक्सिजन बंध १.६६ ते १.६९ अँगस्ट्रॉम, हायड्रॉक्सिलकडे जाणारा १.७२ च्या पुढे. मग प्रत्येक ऑक्सिजनची बंध-संयुजा बेरीज (लांबीवरून काढलेल्या बंधांच्या ताकदीची बेरीज) करा. २ च्या आसपास आली तर साधा ऑक्सिजन, १.२ च्या आसपास हायड्रॉक्सिल, ०.४ किंवा कमी तर पाणी. आर्सेनिक त्रिसंयुजी असेल तर तो तीनच ऑक्सिजनांचा पिरॅमिड करतो आणि बंध १.७८ च्या आसपास जातो, तो गोंधळही इथे मिटतो.

रामन घ्या, पण जोडीला. ८०० ते ९०० सेमी⁻¹ दरम्यानचा पट्टा आर्सेनेट असल्याचं सांगतो, कोणतं आर्सेनेट ते सांगत नाही. लेझर किमान शक्तीवर ठेवा, नाहीतर स्फटिक निर्जल होऊन भलताच पट येईल.

पातळछेद : कोशिका आधी काढतो. गुलाबी रंगामुळे कोबाल्टचं खनिज मानायचं का?

कॅमेका : नाही. थोडासा कोबाल्टही स्फटिक गुलाबी करतो. संरचनेत धातूची जी जागा असते, तिथे कोणता धातू जास्त, त्यावरून प्रजाती ठरते. जस्त जास्त असेल तर कोरिट्निगाइट, कोबाल्ट जास्त तर कोबाल्टकोरिट्निगाइट.

त्रिनताक्ष : आणि खरंच नवं निघालं तर अपवर्तनांक मोजल्याशिवाय प्रस्तावाला हात घालू नका. ग्लॅडस्टोन-डेल सुसंगती (रसायन आणि घनतेवरून येणारा अपवर्तनांक मोजलेल्याशी किती जुळतो त्याचा निर्देशांक) ०.०३९ च्या आत असेल तर रसायन, घनता आणि प्रकाशीय मोजमापं एकमेकांना धरून आहेत. पाणी चुकलं असेल तर हाच आकडा बिघडतो. भुकटीचा एक्स-रे पटही लागतो, माल कमी असेल तर गँडोल्फी पद्धतीने (एकच बारीक स्फटिक फिरवून भुकटीसारखा पट) घ्या. होलोटाइप (ज्यावरून वर्णन केलं तो मूळ नमुना) संग्रहालयात जमा करावा लागतो, आणि मंजुरीपूर्वी नाव कुठेही जाहीर करायचं नाही. लेखकांनी स्वतःचं नाव खनिजाला देता येत नाही, हे सहलेखकांनाही आधीच सांगून ठेवा.