रॅटिफिकेशनमधला उंदीर मराठीत कसा आणायचा?

खारीबिस्कीट: दिवाळी अंकासाठी टेनेसीवर लेख लिहितेय आणि एका वाक्यापाशी घोडं अडलंय.

प्रसंग ऑगस्ट १९२०चा, नॅशव्हिलमधला. बायकांच्या मताधिकाराच्या, अमेरिकेच्या १९व्या घटनादुरुस्तीला ४८पैकी ३६ राज्यांची संमती (रॅटिफिकेशन) हवी होती, ३५ हाती आली होती. बाजूचे आमदार कोटाला पिवळा गुलाब लावत, विरोधक लाल. २४ वर्षांच्या हॅरी बर्नच्या कोटावर लाल होता. ठराव बाजूला ठेवायच्या सूचनेवर दोनदा ४८-४८ अशी बरोबरी झाली आणि दोन्ही वेळा तो लाल गुलाबाला जागला. मग मूळ ठरावावर त्याचं नाव पुकारलं गेलं, आणि हा म्हणाला "होय"!

खिशात आईचं पत्र होतं. नायोटा गावाहून फेब बर्नबाईंनी लिहिलं होतं की मताधिकाराच्या बाजूनं मत दे, शहाण्यासारखा वाग आणि कॅटबाईंना त्यांच्या 'रॅट्स'च्या कामी मदत कर. पुढे विचारलंय, रॅटिफिकेशनमध्ये 'रॅट' घातला तो त्यांनीच ना? हा! (कॅटबाई म्हणजे चळवळीच्या पुढारी कॅरी चॅपमन कॅट.)

हा विनोद मराठीत कसा आणू?

तिरकस: कायद्याच्या मराठीत रॅटिफिकेशनला 'अनुसमर्थन' म्हणतात. त्यात उंदीर शिरायला फटच नाही. तळटीप द्या.

खारीबिस्कीट: तळटीप दिली की विनोद मेला. बाई मुलाची थट्टा करतेय, परिपत्रक काढत नाहीये.

पाटीपेन्सिल: उंदीर सोडा, मांजर धरा. 'मंजूर'ला एक काना द्या, ऊकार काढा, 'मांजर' होतं! "मंजुरीत मांजर घातलं ते त्यांनीच ना?" बाईंचं आडनावच कॅट, त्यामुळे नेम आणखी बरोबर बसतो. मंजूर अरबीतून आलेला, 'नजर'च्याच घरातला. मांजर संस्कृत मार्जारापासून. एकमेकांचे कुणी लागत नाहीत, पण कानाला भाऊबहीण वाटतात.

खारीबिस्कीट: वा! उचललं. अजून एक. चळवळीतल्या बायकांना मी सगळीकडे 'सफ्रजेट' लिहिलंय.

तिरकस: खोडा. तो शब्द १९०६मध्ये लंडनच्या डेली मेलनं हिणवायला काढला आणि तिथल्या लढाऊ बायकांनी मिरवला. अमेरिकेतल्या बायका स्वतःला सफ्रजिस्ट म्हणवत. मुळाशी लॅटिन 'सफ्रॅजियम', म्हणजे मत. मराठीत 'मताधिकारवादी' ठीक.

पाटीपेन्सिल: लाल गुलाबवाल्यांच्या तोंडी मात्र 'मताधिकारवाल्या' घाला. 'वाल्या' म्हटलं की नाक आपोआप मुरडलं जातं.

भरडधान्य: "बायकांना मताचा हक्क मिळाला" असं सरसकट लिहू नका बरं. दुरुस्तीचे शब्द आहेत की स्त्री-पुरुष या कारणावरून मत नाकारता येणार नाही. बाकी कारणं शाबूत राहिली. पोल टॅक्स (मत देण्यासाठी भरावा लागणारा कर) आणि इतर क्लृप्त्यांनी दक्षिणेतल्या कितीतरी काळ्या बायकांना १९६५च्या मताधिकार कायद्यापर्यंत मतपेटीपासून लांब ठेवलं. 'मिळाला' आणि 'नाकारता येणार नाही' यांत ४५ वर्षांचं अंतर आहे.

खारीबिस्कीट: हे बरं सांगितलंत, वाक्य बदलते. ठराव ४९-४७नं निघाला. दुसऱ्या दिवशी बर्ननं खुलासा केला की आईचा सल्ला मानणं मुलासाठी सगळ्यात सुरक्षित असतं. तिथे 'सुरक्षित' ठेवू की 'हिताचं'?

तिरकस: सुरक्षितच. लाचखोरीचा आरोप होत होता बिचाऱ्यावर.

खारीबिस्कीट: झालं तर मग: "शहाण्यासारखा वाग आणि कॅटबाईंना मदत कर. मंजुरीत मांजर घातलं ते त्यांनीच ना? हा!" 'हा!' बाईंचाच आहे, त्याला हात लावला नाही.