अनुभव धागा: लॅपटॉपवर डीजे लावताना आवाज फाटला तेव्हा

गेल्या महिन्यात घणसोलीत चुलत भावाची हळद. मंडप भरलेला, दहाला आवाज बंद करायचा म्हणून आधीच घाई, आणि पहिलंच कोळीगीत लावलं तर मधूनमधून कट्... कट्... कर्र. मामा लगेच, "टॉपचे स्पीकर उडाले वाटतं!" साउंडवाल्या दादाचं तोंड उतरलं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. चार्जरचं बटण कुणीतरी बंद केलं होतं, लॅपटॉप बॅटरीवर आला होता आणि त्याने स्वतःचा वेग कमी केला होता. त्यात मी बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी तयार करतो तो आवाजाचा तुकडा, 128 सॅम्पलवर ठेवलेला. सेकंदाला 44100 सॅम्पल (आवाजाचे बारीक नमुने) धरले तर 128 म्हणजे जेमतेम 3 मिलिसेकंद. तेवढ्यात पुढचा तुकडा तयार झाला नाही की आवाजात भोक पडतं. चार्जर लावला, पॉवर मोड बदलला, बफर 512 केला. आता उशीर होतो साधारण 12 मिलिसेकंद. स्क्रॅच करणाऱ्याला तो जाणवेल, हळदीत नाचणाऱ्याला नाही.

तुमचेही किस्से लिहा. काय ऐकू आलं, कारण कसं सापडलं, शेवटी काय केलंत. एकच विनंती, कुठला लॅपटॉप भारी हा वाद इथे नको.

नौपाडा, ठाणे
आमचा आवाज फाटला नाही, गाण्यातली बाई गायब झाली! सोसायटीचा गणपती, आरतीनंतर मुलांचे नाच. नेहमीची वायर सापडेना, म्हणून मी हेडफोनच्या भोकातून एक केबल काढली आणि दुसरं टोक मिक्सरच्या एक्सएलआरमध्ये, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या भोकात, खुपसलं. ढोलकी पोकळ, बेस नाही, कोरस मात्र लांबच्या विहिरीतून आल्यासारखा. तळमजल्यावरच्या काकू खुर्ची सरकवत पुढे आल्या, "अरे, गाणारी कुठे गेली?" मी सॉफ्टवेअरमधले सगळे इफेक्ट बंद केले, गाणं बदललं, लॅपटॉप रीस्टार्टसुद्धा केला. तोवर दोन नाच तसेच उरकले.
नंतर कळलं ते असं. ते एक्सएलआर म्हणजे बॅलन्स्ड इनपुट, ते दोन तारांमधला फरक घेतं. मी त्या दोन तारांवर स्टिरिओची डावी-उजवी बाजू पाठवत होतो. दोन्हीकडे सारखं असतं ते, म्हणजे मधोमध ठेवलेला गायिकेचा आवाज आणि बेस, एकमेकांना खाऊन टाकतं. आता एका बाजूला छोटी पिन, दुसऱ्या बाजूला दोन मोनो जॅक अशी वायर पिशवीत कायम असते. दोन चॅनेलना दोन जॅक, विषय संपला.

ऐरोली
लाल दिवा. बाकी काही नाही. मिक्सरवर चॅनेलचा गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी) लालमध्ये नेऊन मास्टर (एकूण आवाज) खाली ओढायचो आणि वाटायचं, भागलं. आत फाटलेलं बाहेर कमी आवाजात फाटकंच येतं. आता गेन हिरव्यात ठेवतो आणि आवाज हवा तर अँपवाल्याला सांगतो.

कोपरखैरणे
दर काही सेकंदांनी एक टिचकी यायची, अगदी ठेक्यात. बफर वाढवून फरक शून्य. लेटन्सीमॉन (लॅपटॉप कशामुळे अडखळतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवलं तर वाय-फायचा ड्रायव्हर मध्येमध्ये अडकवत होता. वाय-फाय बंद, टिचकी बंद. गाणी तशीही हार्ड डिस्कवरच असतात, इंटरनेट लागतं कशाला?

कळवा
माझ्याकडे सतत घूंऽऽ. चार्जर काढला की गप्प. एका मित्राने चार्जरची अर्थिंगची पिन मोडून दिली, तेव्हापासून शांत.

घणसोली (धागाकर्ता)
दादूस, ती पिन आधी परत लाव! नवीन चार्जर घे हवं तर. ती तुझा जीव वाचवायला असते. मांडवात ओली जमीन, लोखंडी खांब, हातात माइक... विचार कर. घूं येते ती बहुतेक ग्राउंड लूपची, लॅपटॉप आणि अँप वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झाले की होते. दोन्ही एकाच बोर्डावर घेऊन बघ, नाहीतर मध्ये डीआय बॉक्स (आवाज जाऊ देऊन अर्थची जोडणी तोडणारी डबी) टाक.

वाशी
मी आधी लॅपटॉपला हेडफोन लावतो. तिथेही फाटत असेल तर भानगड गाण्यात नाहीतर सॉफ्टवेअरमध्ये. हेडफोनमध्ये स्वच्छ असेल तर वायर, मिक्सर, अँप. एकदा तर लाइनची वायर फोनोत लावली होती. फोनो इनपुट टर्नटेबलच्या बारीक सिग्नलसाठी असतं, लाइनचा सिग्नल गेला की नुसता गोंगाट.

दिवा
माझं अजून सुटलेलं नाही. संथ गाणं 95 बीपीएमचं (मिनिटाला ठोके), मी 125 वर नेतो. आवाज डबक्यातून आल्यासारखा येतो. हेडफोनमध्येही तसाच.

घणसोली (धागाकर्ता)
की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण) चालू आहे का? एवढं ताणलं की सूर जागेवर ठेवताना तो आवाजाचे तुकडे करून जोडतो. बंद करून ऐक, सूर चढेल पण डबकं जाईल.

दिवा
चालू आहे. शनिवारी डोंबिवलीला हळद आहे, तिथे बघून लिहितो.