मदत हवी आहे: मांजरीची शुगर एकदम खाली गेली होती, आता इन्सुलिन आणि खाणं कसं सांभाळू?

आमची ठमी ११ वर्षांची आहे, डायबेटिस आहे, १२-१२ तासांनी इन्सुलिन चालू आहे. गेल्या आठवड्यात सकाळी नेहमीचा डोस दिला आणि नंतर कळलं की तिने वाटीतलं जेमतेम चाटलंय, दुपारी बघते तर पाय लटपटतायत, हाक मारली तरी नजर भलतीकडेच. हिरड्यांना मध चोळला आणि तशीच उचलून डॉक्टरांकडे पळाले, तिथे शुगर ३८ निघाली. वाचली बिचारी, पण माझे हात अजून सुई धरताना थरथरतात.

आता डॉक्टरांनी डोस २ युनिटवरून १ वर आणलाय, कोरडं खाणं हळूहळू बंद करून कमी कार्बचं ओलं खाणं सुरू करायला सांगितलंय. पण ती ओल्याला नुसता वास घेते आणि तोंड फिरवते, आणि उपाशीही ठेवता येत नाही ना. तुम्ही ही सवय कशी लावलीत? अर्धवटच खाल्लं तर डॉक्टर फोनवर येईपर्यंत काय करता? आणि घरी कानातून रक्त घेऊन शुगर कोणी बघतं का, टोचताना मांजर शांत कशी राहते? प्लीज सांगा.