घड्याळ पाण्यात न घालताच 'वॉटर टेस्ट पास' म्हणतात, असं असतं का?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे एक स्विस ऑटोमॅटिक आहे, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, मागच्या झाकणावर ३०० मीटर कोरलंय. सात वर्षांत कधी उघडलं नव्हतं, रोज दोन-तीन मिनिटं मागे पडायला लागलं म्हणून नाशकातच एका घड्याळजींकडे सर्व्हिसिंगला दिलं (नाव लिहीत नाही, माणूस चांगला आहे). काल आणायला गेलो तर बिलात वॉटर टेस्टचे वेगळे पैसे. म्हटलं काका, पाण्यात कधी घातलं? तर म्हणे पाण्यात घालायची गरजच नाही, हवेवर होते, दहा मिनिटांचं काम. आणि एक छोटी चिठ्ठी दिली, त्यावर −०.७ बार, १० बार आणि खाली पास. बायको म्हणते शेंडी लावली तुला. २०२७ च्या सिंहस्थात पाहुण्यांना घेऊन रामकुंडावर दहा वेळा तरी जाणं होणार, तेव्हा हातात घालू की कपाटात ठेवू?

मिसळवाला_सिडको
बादलीत बुडवून बघ, बुडबुडे आले तर पंक्चर. पंक्चरवाला वीस रुपयात करून देईल 😄

घड्याळजीचा_पोरगा
मिसळवाले, चेष्टा केलीत पण अर्धी टेस्ट बरोबर सांगितलीत. फक्त उलटी.

गंगापूररोडकर दादा, शेंडी वगैरे काही नाही, ड्राय टेस्ट ही खरीच टेस्ट आहे. घड्याळ एका बंद डब्यात ठेवतात, काचेवर बारीक सेन्सर टेकतो, मग डब्यातली हवा आधी खेचून घेतात (ते तुमचं −०.७) आणि नंतर दाबाने भरतात. हवा खेचली की घड्याळ किंचित फुगतं, दाब दिला की काच किंचित आत बसते, म्हणजे मायक्रॉनमध्ये हं, डोळ्याला काही दिसत नाही. आता कुठे फट नसेल तर काच बसली तिथेच बसून राहते, आणि फट असेल तर बाहेरची हवा हळूहळू आत शिरते, दोन्हीकडचा दाब सारखा व्हायला लागतो आणि काच परत जागेवर यायला लागते. मशीन तेवढं टिपतं आणि फेल म्हणतं. दोन्ही बाजूने का करतात तर जास्त दाबाखाली रबर रिंगा उलट घट्ट दबतात आणि बारीक गळती कधीकधी लपून जाते, कमी दाबात ती सापडते.

पण ड्राय टेस्ट एवढंच सांगते की गळतंय, कुठून ते नाही. त्यासाठी ओली टेस्ट. काचेच्या नळकांड्यात अर्धं पाणी, घड्याळ पाण्याच्या वर लटकवायचं, दाब द्यायचा, थोडा वेळ थांबायचं म्हणजे फट असेल तर दाबाची हवा आत भरते, मग पाण्यात सोडायचं आणि दाब हळूहळू कमी करायचा. आत कोंडलेली हवा बाहेर पळते आणि चावीपाशी नाहीतर झाकणाच्या कडेला बुडबुड्यांची माळ लागते. धार दिसली की लगेच वर ओढायचं, दाब पूर्ण उतरेपर्यंत पाण्यात ठेवलं तर तेच पाणी आत जाणार. म्हणून बाबा संशय असला की आधी आतलं मशीन काढतात आणि रिकामी केसच बुडवतात. मी आठवीत असताना एकदा न सांगता मशीनसकट बुडवलं होतं, पुढचं सांगत नाही.

सातपूर_इंजिनिअर
वरचं सगळं बरोबर, पण चिठ्ठीवर १० बार आहे आणि झाकणावर ३०० मीटर, हे कुणी बोललंच नाही. साधारण १० मीटर पाणी म्हणजे १ बार, म्हणजे तुमची टेस्ट १०० मीटरपर्यंतचीच. ३०० साठी ३० बार लागतील, आणि डायव्हरच्या घड्याळाला आयएसओ ६४२५ प्रमाणे त्याच्या सव्वापट, म्हणजे साडेसदतीस. त्याला पाण्याने भरलेलं मोठं मशीन लागतं, ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला असतं. घड्याळजींनी फसवलं असं नाही, पण ३०० सिद्ध झालं असंही नाही. आणि पोहताना हात जोरात मारू नका, त्याने दाब कितीतरी पट वाढतो.

घड्याळजीचा_पोरगा
३० बारचं मान्य. पण हात मारण्याचं नाही पटत, तुम्ही इंजिनिअर आहात, गणित करा की. सेकंदाला ५ मीटर वेगाने हात मारला तरी साडेबारा किलोपास्कल, म्हणजे सव्वा मीटर खोलीइतका दाब. घड्याळं मरतात ती चावी उघडी राहिल्याने, जुन्या कडक झालेल्या रिंगांनी, आणि गरम पाणी-साबणाने.

सातपूर_इंजिनिअर
केलं गणित. मागे घेतो.

गंगापूररोडकर
बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणते बरं. मग रामकुंडाचं काय?

घड्याळजीचा_पोरगा
कमरेएवढ्या पाण्याला १० बार म्हणजे चिक्कार. फक्त दोन गोष्टी विचारून या. झाकणाची, चावीची रिंग नवीन टाकून सिलिकॉन ग्रीस लावलं का, आणि टेस्ट झाकण शेवटचं बंद केल्यानंतर झाली का. आधी टेस्ट आणि नंतर परत उघडलं असेल तर ती चिठ्ठी रद्दी. आणि काका ओळखीचे असतील तर थेंबाची टेस्ट करून मागा. घड्याळ ४०-४५ डिग्रीवर गरम करतात, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात, मिनिटभराने पुसतात. आतून धुकं दिसलं तर ओल आधीच आत आहे, मग बाहेरून कितीही पास होऊ दे. आणि सिंहस्थाच्या आधी परत एकदा टेस्ट करा, आजची चिठ्ठी तेव्हा चालायची नाही.

मिसळवाला_सिडको
आणि गर्दीत पट्ट्याचं बक्कल तपासा. पाण्याने नाही गेलं तर तसं जाईल.

गंगापूररोडकर
विचारून आलो. चावीची रिंग जुनीच ठेवली होती, "अजून चांगली होती" म्हणे. परत ठेवून आलोय.