विल्यम आर्चर: समीक्षा लिहिणाऱ्याने नाटक लिहावं का?

नेरूळकर
नमस्कार. गेली चार वर्षं मी नाटकांवर लिहितोय. बहुतेक प्रयोग वाशीच्या भावे नाट्यगृहात नाहीतर ठाण्याला गडकरीत पाहिलेले. यंदा पहिल्यांदा स्वतःची एकांकिका स्पर्धेत उतरवली आणि ती प्राथमिक फेरीतच बाद झाली. परीक्षक म्हणाले, "संवाद चांगले आहेत, पण घडत काहीच नाही." दुसऱ्या दिवशी एका दिग्दर्शकाचा मेसेज आला, "आता कळलं ना?" त्याच्या नाटकावर मी एकदा कडक लिहिलं होतं. मनाला लागलं.
नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्याबद्दल वाचताना विल्यम आर्चर हे नाव सारखं भेटतं. समीक्षक, अनुवादक आणि नाटककारही. त्याची स्वतःची नाटकं कशी होती? कोणी नीट सांगेल का?

घोडबंदर रोड
आर्चर कशाला, नाटककार बर्नार्ड शॉकडे बघ. १८९५ ते १८९८ 'सॅटर्डे रिव्ह्यू'त नाट्यसमीक्षा लिहिली आणि नाटकंही लिहीत राहिला. तू लिहीत राहा.

नौपाड्याची ताई
शॉचं उदाहरण बरोबर आहे, पण त्या शॉला पहिली कामं मिळवून दिली ती आर्चरने. म्हणून जरा सविस्तर लिहिते. या माणसावर माझा फार जीव आहे.

जन्म १८५६, स्कॉटलंडमधल्या पर्थचा. आजीआजोबा नॉर्वेत, लार्विक गावी. लहानपणीचा बराच काळ तिकडे गेला, त्यामुळे नॉर्वेजियन त्याला घरची भाषा म्हणून आली. पुढचं सगळं त्यातून निघालं. लंडनला येऊन १८७९ पासून 'लंडन फिगारो'त आणि १८८४ पासून 'द वर्ल्ड'मध्ये तो नाटकांवर लिहू लागला. वकिलीची सनद घेतली होती, पण वकिली कधी केली नाही. १८८० च्या डिसेंबरात त्याने केलेलं इब्सेनच्या 'पिलर्स ऑफ सोसायटी'चं रूपांतर गेइटी थिएटरात दुपारच्या खेळाला लागलं. एकच प्रयोग. तरी हा माणूस चिकटून राहिला. १८८९ मध्ये त्याच्याच अनुवादातून इब्सेनचं 'डॉल्स हाउस' उभं राहिलं, नायिका नोराच्या भूमिकेत जॅनेट अ‍ॅचर्च. आपल्याकडे त्याचं रूपांतर, अनंत काणेकरांचं 'घरकुल', १९४१ चं, म्हणजे नोरा मराठी घरात यायला आणखी पन्नासएक वर्षं गेली.

१८९१ मध्ये इब्सेनचंच 'गोस्ट्स' झालं. सेन्सॉरची परवानगी मिळण्यासारखी नव्हती, म्हणून वर्गणीदार सभासदांपुरता खाजगी प्रयोग केला. वर्तमानपत्रं तुटून पडली. गटार, कुष्ठरोग, काय वाटेल ते छापलं. आर्चरने त्या सगळ्या शिव्या कात्रणांतून वेचल्या आणि एकाखाली एक मांडून स्वतःच्या लेखात छापल्या. वाचकांनीच ठरवावं की घाण कुठे आहे. समीक्षकाचं धैर्य मी याला म्हणते.

आता तुझा प्रश्न. १८८४ च्या सुमारास त्याने शॉबरोबर नाटक लिहायला घेतलं. दोघांची ओळख ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयातली. ठरलं असं की कथानक आर्चरचं, संवाद शॉचे, कारण आर्चरला स्वतःला पक्कं वाटायचं की आपल्याला संवाद जमत नाहीत. काही आठवड्यांनी शॉ सांगत आला की अर्धा पहिला अंक झालाय आणि कथानकाला अजून हातही लावलेला नाही. पुढे आला तेव्हा कथानक संपलेलं होतं, वर आणखी मागत होता! आर्चर म्हणाला, पुतळा पूर्ण घडलाय, त्याला आणखी हातपाय कुठून लावू? काम तिथेच थांबलं. १८९२ मध्ये शॉने ते एकट्याने पूर्ण केलं, तेच 'विडोअर्स हाउसेस'. आर्चरने त्यावर परखड लिहिलं. मैत्री मात्र मरेपर्यंत टिकली.

माझ्याकडे त्याचं 'प्ले-मेकिंग' आहे, १९१२ चं. स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून घेतलेलं, पाठीचा कागद सुटलेला. सुरुवातच अशी की नाटक लिहिण्याचे नियम नसतात. पुढे तो म्हणतो, कादंबरी हळूहळू उलगडण्याची कला, नाटक पेचप्रसंगाची. "घडत काहीच नाही" या शेऱ्याचं उत्तर तिथे आहे. तुझ्या एकांकिकेत पेच कोणत्या पानावर येतो ते मोज.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८८ च्या 'मास्क्स ऑर फेसेस' या पुस्तकासाठी त्याने नटनट्यांना प्रश्नावली पाठवली होती: रडताना तुम्ही खरंच रडता का? फ्रेंच लेखक दिदरो म्हणाला होता की थोर नटाला काही वाटतच नाही, त्याची ही तपासणी. आर्चरचा निष्कर्ष असा की नटाच्या मनात एकाच वेळी दोन जाणिवा चालतात. मी हौशी संस्थेत अकरा वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय. एका प्रयोगात आमची नायिका मुलाच्या मृत्यूच्या प्रसंगात खरे अश्रू ढाळत होती आणि पाठीमागे धरलेल्या डाव्या हाताने मला विंगेत खुणावत होती की खुर्चीचा पाय निखळलाय, पुढच्या एंट्रीला सांभाळा. पुस्तक वाचताना तोच हात डोळ्यांपुढे आला.

त्याचं स्वतःचं गाजलेलं नाटक म्हणजे 'द ग्रीन गॉडेस', न्यूयॉर्कला १९२१. वय चौसष्ट. कथानक स्वप्नात सुचलेलं: हिमालयातल्या एका राज्यात विमान कोसळतं, तिथला राजा इंग्रज प्रवाशांना ओलीस धरतो. जन्मभर इब्सेनसाठी भांडलेल्या माणसाला यश दिलं ते थरारक मेलोड्रामाने. पैसे मिळाले, रोजच्या परीक्षणांतून सुटका झाली. १९२४ च्या डिसेंबरात तो गेला. नाटक म्हणून मला ते कच्चं वाटतं.

ऐरोली
ताई, हाच आर्चर ना, ज्याने १९१७ ला 'इंडिया अँड द फ्युचर' लिहून आपल्या संस्कृतीला रानटी ठरवलं? श्री अरविंदांनी 'आर्य' मासिकात त्याला उत्तर दिलं होतं. त्याचं एवढं कौतुक कशासाठी?

नौपाड्याची ताई
हो, तोच. अरविंदांचे ते लेख मी वाचलेत, आणि ते योग्यच बोलले असं माझं मत आहे. ते पुस्तक वाचताना मला राग आला, अजून येतो. 'ग्रीन गॉडेस'मधल्या राजातही तीच नजर दिसते. नॉर्वे त्याने आतून पाहिला होता, भारत पाहुणा म्हणून. त्यामुळे इब्सेनवरचं त्याचं काम खोटं ठरत नाही, पण हे लपवून कौतुक करायचं नाही. तू विचारलंस ते बरं झालं.

नेरूळकर
ताई, मोजलं. एकूण बावीस पानं आणि पेच सतराव्या पानावर येतो. बापाने घर विकल्याचं मुलीला तिथे कळतं. त्याआधी दोघं नुसती बोलतात, आणि मला ते बोलणं फार आवडलं होतं. पेच दुसऱ्या पानावर आणून काल पुन्हा लिहायला बसलो. नऊ पानं झालीत.

नौपाड्याची ताई
नऊ तर नऊ. रविवारी सकाळी तलावपाळीवर ये, वही घेऊन. संवाद मी वाचते, तू ऐक. 'प्ले-मेकिंग' पण आणते, पण पाठ सुटलीये, जपून धर.