रेखाचित्र की रेखाटन?

प्रश्न : बरोक काळातील (साधारण सतराव्या शतकातील युरोपीय कलेतील) बायबलकथांविषयी लिहिताना कागदावर शाईने केलेल्या चित्राला 'रेखाचित्र' म्हणावे, 'रेखाटन' म्हणावे की 'कच्चे चित्र'? डच चित्रकार रेम्ब्रँटच्या संदर्भात यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर : 'कच्चे चित्र' निदान रेम्ब्रँटपुरते (१६०६–१६६९) टाळावे. त्याच काळातील रुबेन्स किंवा ग्वेर्चिनो या चित्रकारांची अशी बरीच कामे पुढील तैलचित्राची तयारी म्हणून झालेली असल्याने तेथे 'पूर्वरेखाटन' शोभते. रेम्ब्रँटने मात्र अब्राहाम, योसेफ, तोबित यांच्या कथांवर जे काढले, त्यातील बहुतेक स्वतंत्रच आहे.

'रेखाचित्र' चुकीचे नाही. पण भूमितीतील आकृतीपासून एखाद्या व्यक्तीच्या शब्दचित्रापर्यंत त्याचा पसारा झाला आहे आणि त्यात सगळा भर रेषेवर पडतो. हार्लेमच्या टायलर्स संग्रहालयातील, सुमारे १६४२ चे, उधळ्या पुत्राच्या (येशूने सांगितलेल्या कथेतील, पैसा उधळून घरी परतलेल्या मुलाच्या) परतण्याचे चित्र पाहावे : गुडघे टेकलेल्या मुलाला कवेत घेणारा बाप तेथे रेघांइतकाच पातळ तपकिरी शाईच्या कुंचल्याने दिलेल्या छायेतून उभा राहतो. 'रेखाटन' या शब्दातही रेषा आहेच, परंतु चालत्या हाताची क्रियाही आहे, म्हणून माझा कौल त्याला. शासकीय परीक्षेच्या नावातील 'रेखाकला' हे विद्येचे नाव. ते एका चित्राला लागू होत नाही.

याच कथेवरील रेम्ब्रँटचे १६३६ चे काम मात्र 'अम्लरेखन' आहे. तांब्याच्या पत्र्यावरील मेणकट थर सुईने खरवडायचा, उघडा पडलेला धातू आम्लाला खाऊ द्यायचा, त्या खाचांत शाई भरून कागद दाबायचा, अशी ती रीत. चित्र उलटे उमटते आणि त्याच्या अनेक प्रती निघतात. रेखाटन एकच असते. त्यामुळे दोहोंना एकच शब्द वापरणे ही निव्वळ हयगय होय.

पुरवणी : साधनांसाठी नवे शब्द पाडू नयेत. १६५० च्या दशकात रेम्ब्रँट ज्या लेखणीने जाड, तुटक रेघा ओढी, तिला 'रीड पेन' कशाला म्हणायचे? तो सरळ बोरू आहे. उधळ्या पुत्रासारख्या येशूच्या बोधकथेसाठी मराठी बायबलमध्ये असलेला 'दाखला' हा शब्द मात्र बेताने वापरावा, कारण ख्रिस्ती वाचकाला तो चटकन कळला तरी इतरांना आधी शाळा सोडल्याचा दाखलाच आठवतो. पहिल्या उल्लेखात 'दृष्टांत' लिहावे, पुढे 'दाखला' चालेल.