भुशाचे काँक्रीट धरत का नाही?

वखारवाले, कुडाळ
नमस्कार. आमच्या वखारीत करवतीखाली रोज जो भुसा साठतो, त्यातला काही वीटभट्टीवर आणि काही पोल्ट्रीवाल्यांकडे जातो, पण पावसाळ्यात त्याचा ढीग तसाच कुजतो. स्वित्झर्लंडमध्ये लाकडापासून काँक्रीट तयार केल्याचे वाचनात आल्यावर मी एक घमेले सिमेंटला तीन घमेली भुसा या मापाने सहा ठोकळे घालून पाहिले. भुसा ऐन आणि आकेशिया यांचा मिसळलेला होता, सिमेंट ताजे होते. तरीही चौथ्या दिवशी साचा काढला तेव्हा अंगठ्याने दाबताच कडा सुटल्या. माल कालवताना पाणी चहासारखे तांबूस झाले होते. माझी चूक कुठे झाली, आणि यातून घराची भिंत उभी राहू शकेल का?

साहित्य_प्रयोगशाळा
उत्तर त्या तांबूस पाण्यातच आहे. लाकडातील शर्करा आणि टॅनिन (लाकडातले तुरट, तांबूस द्रव्य) पाण्यात उतरतात, सिमेंटच्या कणांवर बसतात आणि त्याची पाण्याशी होणारी अभिक्रिया रोखतात. ट्रकमधले उरलेले काँक्रीट घट्ट होऊ नये म्हणून त्यात साखर टाकतात, हे तुमच्या ओळखीच्या एखाद्या मुकादमाला ठाऊक असेल. तुमच्या ठोकळ्यांत तेच नकळत घडले. कठीण लाकडांत हा त्रास सहसा अधिक असतो. भुसा गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे, गढूळपणा जाईपर्यंत पुन्हा धुवावा आणि जातीनुसार वेगळा ठेवावा. कॅल्शियम क्लोराइड थोडे घातल्यास सिमेंट लवकर धरते, पण ज्यात लोखंडी सळ्या असतील तिथे ते अजिबात घालू नये, कारण त्याने सळ्या गंजतात.

सिमेंट धरताना तापते, म्हणून ठोकळे घालण्याआधी थर्मासची चाचणी करा. एका थर्मासमध्ये नुसते सिमेंट व पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच सिमेंटात धुतलेला भुसा घेऊन दोन्हींत तापमापक ठेवावा आणि दिवसभर नोंद घ्यावी. दुसऱ्यातले मिश्रण तापलेच नाही, तर त्या लाकडाचा नाद सोडावा.

फ्रीबुर्गहून
आपण वाचलेली बातमी बहुधा स्वित्झर्लंडमधील फ्रीबुर्गच्या अभियांत्रिकी विद्यालयातील डाया झ्विकी यांच्या गटाच्या कामाची असावी, जे २०१७ च्या सुमारास गाजले. त्यांनी वाळू व खडी यांच्या जागी बारीक केलेले लाकूड वापरले. काही मिश्रणांत आकारमानाने निम्म्याहून अधिक लाकूड होते आणि वजन साध्या काँक्रीटच्या निम्म्याच्याही आत असल्याने त्यातले काही नमुने पाण्यावर तरंगत. त्यांनी स्लॅब व भिंतीच्या घटकांवर प्रत्यक्ष मापाच्या चाचण्या घेतल्या, म्हणजे भार पेलण्याचाही विचार तिथे झाला. कल्पना मात्र नवी नव्हे: लाकडाच्या चिपांना सिमेंटने बांधून केलेले पोकळ ब्लॉक याच देशात १९३० च्या दशकात निघाले. त्यांच्या पोकळीत सळ्या व साधे काँक्रीट भरतात, त्यामुळे भार ते काँक्रीट घेते आणि उष्णता व आवाज ब्लॉक अडवतो. माझ्या मते आपल्या भुशासाठीही हाच मार्ग योग्य आहे. कॉलम किंवा बीम त्यातून ओतण्याचा विचार कृपया करू नका.

वास्तुविशारद, रत्नागिरी
कोकणातला असल्यामुळे एक इशारा देतो. लाकूड ओलाव्याने फुगते आणि वाळल्यावर आकसते, त्यामुळे आपल्याकडे चार महिने थेट पाऊस झेलणारी भिंत यातून करायची झाल्यास पागोळी लांब, जोते उंच आणि बाहेरून गिलावा असायलाच हवा. खोल्या वेगळ्या करणाऱ्या आतल्या भिंतींना किंवा चिऱ्याच्या भिंतीला आतून लावण्यास हे ब्लॉक मला अधिक पटतात. पर्यावरणाचा हिशेबही नीट मांडला पाहिजे. लाकडात कार्बन साठून राहतो हे खरे, पण भुशाला धरून ठेवण्यासाठी सिमेंट सढळ हाताने ओतले तर तो फायदा बराचसा आटतो, कारण जगातील सुमारे ८ टक्के कार्बन डायऑक्साइड सिमेंट उद्योगातूनच निघतो. भारतीय मानकांत लाकडाच्या लोकरीच्या (म्हणजे लाकडाच्या लांब, बारीक तंतूंच्या) स्लॅबसाठी आयएस ३३०८ हे मानक आहे; विक्रीचा विचार असेल तर ते आधी वाचावे.

वखारवाले, कुडाळ
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ऐन आणि आकेशिया यांचा भुसा आजपासून वेगवेगळ्या पोत्यांत भरायला सांगितला आहे. आंब्याचा भुसाही धुऊन तिन्हींची थर्मास चाचणी करतो आणि तापमानाच्या नोंदी इथेच लिहितो.